साडूंचं व्हेकंट घर

माणसाची निम्मी दुःखं चुकीचं विशेषण वापरल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला या जगात भेटला आणि माझं नशीब असं, की तो माझा साडू निघाला. मित्र असता तर मी त्याला टाळलं असतं. शेजारी असता तर दार लावून घेतलं असतं. साडूच्या बाबतीत यांतलं काहीच करता येत नाही. सासुरवाडीचं बारसं असो की तेरावं, पंगतीत शेजारच्या पानावर तोच बसलेला असतो आणि जिलबी वाढायला आलेल्या माणसाला थांबवून 'पुरे' आणि 'पुरेसं' यांतला फरक समजावत असतो. जिलबी तोपर्यंत पुढच्या पानावर गेलेली असते, म्हणजे मलाही मिळत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वयाने आणि मानाने मोठे, म्हणून मी त्यांना अहोजाहो करतो आणि जे खरं बोलायचं असतं ते घरी येऊन बायकोला बोलतो.

फोर्टातल्या एका जुन्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी पत्रं लिहिली. साहेबाने काय लिहायचं ते सांगायचं आणि साडूंनी ते कसं लिहायचं ते ठरवायचं, अशी वाटणी होती. साहेब 'त्या पार्टीला जरा कडक पत्र टाका' म्हणाला, की साडू पेन खाली ठेवून विचारायचे, कडक म्हणजे फर्म की हार्श? साहेबाला दोन्ही सारखेच वाटायचे. साडूंना तसं वाटणाऱ्या माणसाची कीव यायची. नवं शतक लागलं आणि कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली, तेव्हा यातली 'स्वेच्छा' नेमकी कोणाची, यावर त्यांनी व्यवस्थापनाशी दुपारभर वाद घातला आणि संध्याकाळी सही करून घरी आले. मग गिरगावातली खोली विकून मीरा रोडला, पूनम सागर संकुलाच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर एकमेकांना लागून असलेले दोन फ्लॅट घेतले. एक नवराबायकोसाठी. दुसरा, त्याहून लहान, एकुलत्या एक चिरंजीवांसाठी, म्हणजे नितीनसाठी, आणि चिरंजीवांच्याच नावावर. चिरंजीवांचं लग्न झालं की मधली भिंत फोडून दार काढायचं, असं ठरलं होतं. गवंड्याला बोलावून दार कुठे येणार त्याची खडूने खूणसुद्धा करून घेतली. पुढे दिवाळीला घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने तो खडू पुसू नये म्हणून साडू दिवसभर स्टूल टाकून भिंतीपाशी बसून राहिले.

चिरंजीव तेव्हा इंजिनियर होऊन मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होते. दुसऱ्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्याच महिन्यात त्यांना कॅनडाचा व्हिसा मिळाला. पेढे मिळाले, विमानतळावर सगळे जाऊन आले, आणि शेजारचा फ्लॅट कुलूप लागून राहिला. मी एकदा सहज म्हणालो, की नितीनचं घर आता रिकामंच पडलंय म्हणायचं. तिथून माझी शिकवणी सुरू झाली.

मराठीत आपण दोन्हीला रिकामंच म्हणतो आणि हिंदीत दोन्हीला खाली, म्हणून या दोन्ही भाषांतल्या माणसांना आपल्या घरात काय आहे आणि काय नाही ते कळत नाही, असं साडूंचं म्हणणं. इंग्रजीत मात्र दोन शब्द आहेत. एम्प्टी आणि व्हेकंट. डबा एम्प्टी असतो. आत काही नाही, विषय संपला. पण खुर्ची व्हेकंट असते. जागा व्हेकंट असते, पोस्ट व्हेकंट असते. म्हणजे ती कोणासाठी तरी आहे आणि तो माणूस अजून यायचाय. "एम्प्टी म्हटलं की मागे बघायचं, व्हेकंट म्हटलं की पुढे," ते बोट वर करून म्हणाले. "नितीनचं घर व्हेकंट आहे. एम्प्टी म्हणू नका." शब्दकोशात हे असं लिहिलं आहे की नाही हे मी कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्दकोशाची चूक निघाली असती.

आणि नुसतं म्हणून थांबतील तर ते आमचे साडू कसले? रोज सकाळी आंघोळ झाली की किल्ली घेऊन ते शेजारच्या दारात जायचे. पितळी पाटीवर चिरंजीवांचं नाव होतं, ती आठवड्यातून एकदा चिंचेने घासायचे. आत जाऊन खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, देवाची म्हणून एक छोटी तसबीर होती तिला उदबत्ती ओवाळायची, पंखा थोडा वेळ फिरवायचा. पंखा बंद राहिला की जाम होतो, हे कारण. मग नळ. आता मीरा-भाईंदरमध्ये त्या काळात पाणी म्हणजे काय होतं हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. पाणी यायचं दिवसातून थोडा वेळ, तेही करंगळीएवढं, आणि उन्हाळ्यात टँकर आला की सोसायटीतल्या सुशिक्षित बायका बादल्यांनी एकमेकींना ढकलायच्या. अशा गावात आमचे साडू राहणारं कोणी नसलेल्या घरात पिंप भरून ठेवायचे. तळमजल्यावरच्या पटेलभाईंनी एकदा वर येऊन विचारलं, की अंकल, उधर तो कोई रहता नहीं, पानी किसके लिए? साडूंनी त्यांना खुर्ची दिली आणि व्हेकंट म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. पटेलभाई पुन्हा वर आले नाहीत. ताईने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, एकदा आपल्याकडचं पाणी संपलं म्हणून त्या पिंपातल्या दोन बादल्या घेतल्या, तर साडू दिवसभर गप्प होते. शेवटी तह झाला तो असा: त्या घरातलं पाणी त्या घरातली फरशी पुसायला वापरायचं. फरशीवर धूळ कोणाच्या पायाने येणार होती, हे मी विचारलं नाही.

गुढीपाडव्याला तर मी मुद्दाम तो देखावा बघायला जायचो. लागून असलेल्या दोन घरांच्या दोन खिडक्यांतून दोन गुढ्या. दोन तांबे, दोन खण, दोन साखरेच्या गाठी, आणि नैवेद्यही दोन. प्रत्येक घराला आपली गुढी असते, असं साडू ठणकावून सांगायचे. ताई बिचारी सकाळपासून दोन कडुलिंबाच्या डहाळ्या धुवायची. दुपारी दुसऱ्या घराचा नैवेद्य कोणी खायचा हा प्रश्न निघायचा आणि तो मीच खातो असं गृहीत धरलेलं असायचं. नितीनच्या वाटणीचं श्रीखंड मी किती वर्षं खाल्लं त्याचा हिशेब नाही, पण ते मला कधी गोड लागलं नाही. रागाने खाल्लेलं गोड लागत नाही.

निवृत्तीनंतर साडूंनी स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला होता. तेव्हा मीरा रोडला कॉल सेंटरची लाट आली होती. नया नगरची मुलं, नवघरची मुलं, उत्तनहून बस पकडून येणारी एक कोळ्यांची मुलगी, जिला 'हाय' आणि 'न्हाय' सोडून 'येस' आणि 'नो' म्हणायचं होतं, अशी सगळी दाटीवाटीने साडूंच्या हॉलमध्ये बसायची. हॉल केवढा? दोन पलंग मावले तर दार लागणार नाही एवढा. क्लास चालू असला की ताईला स्वयंपाकघरातून बाहेर यायची सोय नव्हती. मुलांच्या मांड्या ओलांडून बाईमाणसाने कसं जायचं? त्यामुळे बॅच संपेपर्यंत ती आत, ओट्यापाशी, पायांवर उभी. आणि भिंतीपलीकडे अख्खा फ्लॅट, पंखा, पाणी, उदबत्ती, सगळं तयार. क्लास तिकडे घ्या, असं मी म्हणालो, माझी बायको म्हणाली, क्लासची मुलंसुद्धा म्हणाली. साडूंचं उत्तर एकच: तिकडे क्लास घेतला की तो क्लास झाला, घर राहिलं नाही. ताईला मी एकदा विचारलं, तुम्हाला हे पटतं? ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला दोन शब्द आहेत. माझ्या गुडघ्याला एकच आहे, दुखतंय." आणि हसली. मला हसू आलं नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. हा माणूस शब्दाशी कधी खोटं बोलला नाही, स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा. चिरंजीवांसाठी पहिलं स्थळ आलं होतं, ठाण्याचं, चांगल्या घरातलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा स्वभावाने कसा आहे? आता अशा वेळी कोणीही बाप काय सांगतो? साडू थोडा वेळ विचार करून म्हणाले, क्लेव्हर आहे, वाइज आहे असं मी अजून म्हणणार नाही. चहा प्यायच्या आत ती मंडळी उठली. मतदार यादीचा कारकून आला होता तेव्हाही तेच. शेजारच्या घरात कोण राहतं, त्याने विचारलं. नितीन राहतो म्हणून सांगा, असं ताई आतून खुणेने सांगत होती, म्हणजे नाव तरी राहील. साडू म्हणाले, तिथे कोणी राहत नाही, तिथे राहायचंय. कारकून म्हणाला, मग रिकामं लिहू? रिकामं लिहायचं नाही. मग काय लिहू? साडूंनी सांगितलं. त्या बिचाऱ्याने दुपारच्या उन्हात तीन जिने चढून काय काय ऐकायचं? त्याने 'बंद' लिहिलं आणि गेला. पुढचे दोन दिवस साडूंना जेवण गेलं नाही.

मी पुष्कळ सांगून पाहिलं. मी राहतो भाईंदर पूर्वेला, रिक्षाने पंधरा मिनिटं, त्यामुळे सांगायला जाणं मलाच परवडायचं. भाड्याने द्या, म्हटलं. जवळच्या रुग्णालयातल्या नर्सेस जागा शोधतायत, चांगल्या मुली आहेत, ताईला सोबत होईल, रात्री-अपरात्री कोणाला बरं वाटेनासं झालं तर हाकेला धावून येतील. साडूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, उद्या नितीन आला तर त्याला काय सांगू, की बाबा रे, तुझ्या घराला दोन महिन्यांची नोटीस दे? मी म्हटलं, तो येतोय कुठे? हे वाक्य मी बोलायला नको होतं असं माझ्या बायकोचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. कोणीतरी ते बोलायला हवं होतं, आणि त्या घरात खरं बोलण्याचा मक्ता फक्त विशेषणांपुरता होता.

कारण चिरंजीव येत नव्हतेच. आधी पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी, मिळू दे म्हणाले. पीआर मिळाला, मग नोकरी बदलू दे. मग लग्न ठरलं, तेही तिकडेच भेटलेल्या मुलीशी, मुलीचे आईवडील बोरिवलीचे. लग्नाला आठ दिवस आले. साडूंनी शेजारच्या घरात नवी गादी टाकली होती, नवी चादर, खिडकीला पडदे, मोरीत नवा साबण, वेष्टन न काढलेला. चिरंजीव आले, आत गेले, बूट न काढता फिरून बाहेर आले. खूप छोटं आहे ना बाबा, म्हणाले, आणि धूळ पण आहे, हिला ॲलर्जी आहे. आठही दिवस मुक्काम बोरिवलीला, सासऱ्यांच्या एसीत. त्या घरात हा मुलगा एक रात्रसुद्धा झोपला नाही. सकाळी साडू आपले नेहमीसारखे किल्ली घेऊन गेले आणि न विस्कटलेली चादर काढून झटकून पुन्हा घातली. मी समोर होतो म्हणून सांगतोय. मला त्या वेळी बोरिवलीला जाऊन कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली होती, आणि कोणाच्या ते सांगायला नको.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका रविवारी माझ्या मोबाइलवर लांबलचक नंबर आला. काका, मी नितीन. या मुलाला माझा नंबर पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. आधी तब्येतीची चौकशी केली, गुडघे माझे की मावशीचे याचा थोडा घोळ घातला (दुखतात ते त्याच्या आईचे), आणि मुद्द्यावर आला. त्यांनी तिकडे घर घेतलं होतं. मोठं, मागे बाग असलेलं. मीरा रोडचा फ्लॅट विकायचा होता, आणि लवकर. मी म्हटलं, मग बापाला सांग. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा ना काका, तुमचं ऐकतात ते. आणि नाही तरी तो फ्लॅट एम्प्टीच पडलाय."

माझं ऐकतात! तुमचं बटण वरचं खाली लागलंय म्हटलं तरी तो माणूस माझं ऐकत नव्हता. पण मला राग आला तो त्याचा नाही. बापाने जगातल्या सगळ्या पोरांना जो एक फरक घसा फोडून शिकवला, तो त्याच्या पोटच्या पोराला माहीत नव्हता. किंवा माहीत होता आणि त्याने नेमका शब्द वापरला होता. यांतलं कोणतं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी फोन ठेवला आणि मग संध्याकाळी, अर्थातच, रिक्षा केली. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, असं बायको म्हणाली. दर वेळी मीच का, असं मी म्हणालो.

साडू क्लासची मुलं गेल्यावर सतरंजी झटकत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं; बसलो असतो तर सांगता आलं नसतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे असूनसुद्धा. साडूंनी सतरंजीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि मग मला विचारलं, "त्या घराबद्दल नेमकं काय म्हणाला तो? शब्द सांगा."

मला टाळता आलं असतं. पण या माणसापुढे शब्द बदलून सांगायची मला कधी सवय नव्हती. मी म्हटलं, एम्प्टी म्हणाला.

त्यांनी सतरंजी उचलून कोपऱ्यात नीट ठेवली. मग म्हणाले, "घाईत असला की माणसाला शब्द सुचत नाहीत. फोन लांबचा, पैसे पडत असतील." बस, एवढंच. रागावले नाहीत, वाद घातला नाही, मला नीट बसवून चहा पाजला. त्यांनी वाद घातला असता तर मला रात्री झोप लागली असती.

घर दाखवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दलालाला किल्ली द्यायला ठाम नकार. दलाल गिऱ्हाईक घेऊन यायचा आणि साडू गिऱ्हाइकाला आत नेऊन एकेक गोष्ट दाखवायचे: इथे पावसाळ्यात ओल येते, गळती नाही, ओल, त्यात फरक आहे. पाणी इतका वेळ येतं, त्यातलं अर्धं गढूळ. समोर मैदान आहे असं हा दलाल सांगेल, ते मैदान नाही, अजून न बांधलेली इमारत आहे. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. लोक मान डोलावत ऐकायचे आणि परत यायचे नाहीत. दलाल मला जिन्यात गाठून म्हणाला, साहेब, तुमच्या अंकलला बेचना है या पढाना है? मला दोन्हींचं उत्तर माहीत होतं. तिकडून चिरंजीवांचे फोन वाढले. आवाज चढायला लागला, माझ्याशीसुद्धा. शेवटी त्यांनी कळवलं, की महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर मी दलालालाच अधिकारपत्र पाठवतो, तो काय मिळेल त्याला विकेल, बाबांनी मध्ये पडायचं नाही. हे साडूंना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. ताई म्हणाली, आता पुरे करा, आणि या वेळी त्यांनी तिला त्या शब्दाबद्दल काही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ते कुटुंब आलं. परभणीकडचा मुलगा, इथे एका लॅबमध्ये कामाला, बरोबर बायको आणि म्हातारी आई. नवघरला भाड्याच्या खोलीत राहत होते आणि दर अकरा महिन्यांनी करार संपला, की भांडीकुंडी आणि बाबासाहेबांची तसबीर घेऊन दुसरी खोली गाठत होते. मुलगा अदबीने बोलत होता. सूनबाईने नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघरात किती माणसं उभी राहतील ते स्वतः उभं राहून पाहिलं. साडूंनी ओल दाखवली, ती तिने बघितली आणि म्हणाली, आता राहतोय तिथे याहून जास्त आहे. म्हणजे ओलीचाही काही उपयोग झाला नाही. मुलाला घर पटलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. अडली ती म्हातारी. ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली होती, भिंतींकडे, छताकडे, कोऱ्या फरशीकडे बघत होती. वापरलेल्या घराची एक कळा असते, ती तिला कुठे सापडत नव्हती. इतक्या वर्षांची बिल्डिंग आणि एका भिंतीवर खिळा नाही, स्वयंपाकघराच्या छताला धूर नाही.

"हितं कोन ऱ्हात व्हतं आदी?" तिने साडूंना विचारलं. "घर लाभलं का त्येला?"

मुलगा संकोचला. असू दे गं आई, म्हणाला. पण ती काही चुकीचं विचारत नव्हती. आपल्याकडे कोणीही घर घेताना हे विचारतंच. जन्माची पुंजी घालून माणूस चार भिंती घेतो, तिथे आधीच्या माणसाचं बरं झालं की वाईट, एवढं तरी कळायला हवं. आणि मी मनात म्हटलं, झालं. आता हा माणूस सांगणार, इथे कोणी राहत नव्हतं, इथे राहायचं होतं. म्हातारी उठणार. ज्या घरात नऊ-दहा वर्षं कोणी राहायला आलं नाही, ते घर कोण घेतं? आणि पुढच्या आठवड्यात किल्ली दलालाकडे. मी साडूंकडे बघितलं नाही. खिडकीतून समोरच्या, अजून न बांधलेल्या इमारतीकडे बघत राहिलो.

"माझा मुलगा राहत होता," साडू म्हणाले.

मी वळलो. ते म्हातारीसमोर खाली फरशीवर बसले होते. शांत आवाजात, क्लासमध्ये बोलायचे तसं एकेक वाक्य सुटं करून ते सांगत होते. इथे राहून शिकला. इथे असतानाच त्याला चांगली नोकरी लागली. इथूनच परदेशी गेला, लग्न झालं, तिकडे मोठं घर घेतलं, मागे बाग आहे. या घराने त्याचं सगळं चांगलं केलं. "लाभतं हो घर. खूप लाभतं."

ताई दारात उभी होती. मला वाटलं ती आता आपल्या घरात निघून जाईल, निदान डोळे तरी पुसेल. ती पुढे आली, गुडघ्यावर हात ठेवून म्हातारीशेजारी टेकली आणि म्हणाली, "त्या खिडकीशी झोपायचा. वारा येतो तिथून. उठवताना पुरेवाट व्हायची माझी."

म्हातारीने खिडकीकडे बघितलं. हात लांब करून तिने फरशीला लावला आणि तो कपाळाला लावला. लेकराचं भलं झालं म्हंजी चांगलंच हाय की, असं काहीतरी म्हणाली. मुलाने सुटकेने माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. पुढचं सगळं सोपं होतं. दलालाला बोलावून बोलणं करायचं ठरलं, ताईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, सूनबाई जाताना स्वयंपाकघर पुन्हा एकदा बघून आली, आणि म्हातारीला दोन्हीकडून धरून ती मंडळी हळूहळू जिना उतरून गेली.

मीही निघालो. दारात वाकून मी चप्पल घालत होतो. आत दिवा लावलेला नव्हता. मला वाटलं होतं, ही दोघं आता खिडक्या लावतील, कुलूप घालतील आणि आपल्या घरी जातील. पण ती तिथेच फरशीवर बसून होती, आणि ताई बोलत होती.

"टेबल इथे होतं त्याचं. या भिंतीला."

"नाही," साडू म्हणाले. "त्या कोपऱ्यात. तिथे उजेड यायचा."

ताईने कोपऱ्याकडे बघून थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यात."